छातीवरील पट्टा : त्याचें खरें केव्हां मानावें?

हृदयाचे ठोके मोजणारा छातीवरील पट्टा पूर्वीं शर्यतींत पळणाऱ्या तरुणांच्याच अंगावर दिसे. हल्लीं सकाळीं फिरावयास जाणारे साठीपलीकडचे गृहस्थ, चालण्याचा नियम ठेवणाऱ्या गृहिणी आणि हृदयविकारांतून उठल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू हालचाल वाढविणारे रुग्ण, असे सर्वच तो बांधूं लागले आहेत. त्यामुळें घरांत एक नवा आंकडा आला आहे. वजनाच्या कांट्यानें चार किलो अधिक दाखविले तर आपण कांट्याला हंसतो. परंतु पट्ट्याचा आंकडा ८५ वरून एकदम १९० वर गेला, कीं सगळ्या घराच्या तोंडचें पाणी पळतें.

अशा वेळीं दोन प्रकारच्या चुका संभवतात. वेदान्त्यांचा रज्जुसर्पाचा दृष्टान्त वाचकांस परिचितच आहे. अंधारांत पडलेल्या दोरीला साप समजून माणूस घाबरतो, ही पहिली चूक. पट्टा कोरडा असल्यामुळें उमटलेल्या आंकड्यावरून घरांतील वडील माणसाचें फिरणें कायमचें बंद करणें, हें त्याच जातीचें होय. पण उलट चूकही आहे, आणि ती अधिक घातक : साप असतां त्याला दोरी समजून हात घालणें. पट्ट्यानें चार वेळां खोटें सांगितलें, म्हणून पांचव्या वेळीं तो खरें सांगत असतांही "यंत्रच बिघडलें आहे" असें म्हणून स्वस्थ बसणें, ही ती दुसरी चूक. या दोन्ही टाळावयाच्या असतील तर पट्टा काय मोजतो, कोठें फसतो आणि त्याची साक्ष कशी पडताळावी, हें घरांतील निदान एका माणसास तरी ठाऊक असलें पाहिजे.

पट्टा मोजतो काय?

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, स्टेथॉस्कोपप्रमाणें हा पट्टा हृदयाची धडधड ऐकतो. तसें नाहीं. हृदयाचा स्नायु आकुंचन पावण्यापूर्वीं त्यांतून प्रत्येक वेळीं विजेची एक सूक्ष्म लहर जाते. तिचा परिणाम छातीच्या त्वचेवर सुमारें एक सहस्रांश व्होल्ट इतकाच उमटतो. विजेरींतील साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, म्हणजे याच्या सुमारें दीड हजार पट. यावरून हें काम किती नाजूक आहे तें ध्यानीं येईल.

पट्ट्याच्या आंतल्या बाजूस डावीकडे व उजवीकडे वीज वाहून नेणाऱ्या रबराच्या किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांच्या दोन पट्ट्या असतात. त्या दोहोंमधील विजेच्या दाबाचा फरक मधली डबी टिपते, त्यांतील उंच टोंकें ओळखते, लागोपाठच्या दोन टोंकांमधील काळ मोजते आणि त्यावरून मिनिटाचा आंकडा काढून मोबाइलकडे अगर घड्याळाकडे पाठविते. दोन टोंकांत एक सेकंद गेला तर ६०, पाऊण सेकंद गेला तर ८०, अर्धा सेकंद गेला तर १२०, असा हा साधा हिशेब आहे.

न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर हृदयाचा ठोका हें या यंत्राचें प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. धूर पाहून अग्नीचें अनुमान करावें हें योग्यच. परंतु उडालेल्या धुळीलाच धूर मानलें तर अग्नि कोठून सांपडणार? अंगावर घासणाऱ्या कपड्यानें उत्पन्न झालेली वीज, छातीच्या इतर स्नायूंची वीज, पट्टा सरकल्यामुळें बसलेला हिसका, हे सारे यंत्राच्या दृष्टीनें धुळीचे लोट होत. त्यांतून ठोका वेगळा काढण्याची युक्ति डबींत असते. परंतु मूळ खूणच अंधुक मिळाली, तर तिचाही निरुपाय होतो.

मिठाच्या पाण्याची परंपरा

बहुतेक दोषांचें मूळ त्वचा आणि पट्टा यांच्या स्पर्शांत असतें. कोरडी त्वचा विजेच्या वाटेंत मोठा अडथळा उभा करते. क्षारयुक्त पाणी तो अडथळा कमी करतें. ही गोष्ट या विद्येच्या जन्मापासून माहीत आहे. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्यें ऑगस्टस वॉलर यांनीं १८८७ सालीं मनुष्याच्या हृदयाच्या विजेचा पहिला आलेख मिळविला. १९०९ मध्यें त्यांनीं रॉयल सोसायटीपुढें आपल्या जिमी नांवाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यांत ठेवून हा प्रयोग दाखविला, तेव्हां मुक्या प्राण्याचा छळ झाला कीं काय, असा प्रश्न थेट पार्लमेंटांत विचारला गेला! पुढें हॉलंडांतील लायडन येथें विलेम आइन्टहोवेन यांनीं अतिशय बारीक तारेचा गॅल्व्हानोमीटर करून स्वच्छ आलेख काढले. त्यांस १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें यंत्र सुमारें २७० किलो वजनाचें होतें, आणि ज्याची परीक्षा करावयाची तो मनुष्य दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे.

१९८२ सालीं फिनलंडमधील पोलर या कंपनीनें अंगावर बांधावयाचें बिनतारी यंत्र बाजारांत आणलें. २७० किलोंचें काम मुठींत मावणाऱ्या डबींत आलें. परंतु मिठाचें पाणी कांहीं सुटलें नाहीं. फरक इतकाच, कीं आतां तें आपला घाम पुरवितो.

नेहमींचे दोष आणि त्यांचीं कारणें

पहिला दोष प्रारंभींचा. बाहेर पडल्यावर पहिलीं पांच-दहा मिनिटें आंकडा वाटेल तसा उड्या मारतो आणि मग आपोआप ताळ्यावर येतो. याचें कारण उघड आहे : घाम अद्यापि आलेला नसतो. उपायही तितकाच सोपा. पट्ट्याच्या आंतील दोन्ही वाहक भाग नळाखालीं चांगले भिजवून मग पट्टा बांधावा. औषधांच्या दुकानांत मिळणारें ई. सी. जी. चें जेल लावल्यास ओलावा अधिक वेळ टिकतो. पुणें-नाशिकच्या कोरड्या थंडींत किंवा वातानुकूलित खोलींत हा दोष अधिक दिसेल. कोंकणच्या दमट हवेंत कमी. छातीवर दाट केस असतील तर पाणी थोडें अधिक लागतें. अंगास तेल चोळण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं छातीचा तेवढा भाग साबणानें धुवून मग पट्टा बांधावा. कारण तेल विजेस वाट देत नाहीं.

दुसरा दोष बांधण्याचा. पट्टा सैल असेल तर चालतांना तो सरकतो. मग आंकडा मध्येंच शून्य होतो, निम्मा होतो किंवा भलताच चढतो. पट्टा स्तनांच्या लगत खालीं, बरगड्यांवर सपाट बसला पाहिजे आणि डबी बरोबर मध्यभागीं, तिच्यावरील अक्षरें सुलट येतील अशी असावी. दीर्घ श्वास सुखानें घेतां यावा, पण श्वास सोडल्यावर पट्टा खालीं घसरूं नये, इतका ताण पुरे. जुन्या पट्ट्याचें इलॅस्टिक ढिलें पडतें, तें बांधतांना कळत नाहीं. चालूं लागल्यावर कळतें. जानव्याचा पदर किंवा आंतील वस्त्राची कड पट्ट्याखालीं अडकली तर तेवढी त्वचा स्पर्शावांचून राहते. मंगळसूत्र अगर सांखळी वाहक भागावर आपटत राहिली तरी हिसके उमटतात. ती पट्ट्याच्या वर राहील असें पाहावें.

तिसरा दोष कपड्याचा. नायलॉन, पॉलिएस्टर अशा कृत्रिम धाग्यांचा सैल शर्ट वाऱ्यावर फडफडत अंगास घासला, कीं घर्षणानें वीज उत्पन्न होते आणि ती हृदयाच्या खुणेंत मिसळते. उतारावर सायकल वेगानें सुटली असतां श्रम कांहींच नाहींत आणि आंकडा मात्र १८०, असा चमत्कार याच कारणानें घडतो. सुती किंवा अंगाबरोबर बसणारा कपडा घातल्यानें हा त्रास पुष्कळ कमी होतो.

चौथा दोष अस्वच्छतेचा. घामाचे क्षार आणि त्वचेवरील तेलकटपणा पट्ट्यांत सांठत जातो, आणि कालपर्यंत नीट चालणारा पट्टा हळूहळू कुरकुरूं लागतो. प्रत्येक वापरानंतर डबी काढून पट्टा साध्या पाण्यानें खळबळून घ्यावा. मधून मधून सौम्य साबण लावावा. पिळूं नये, इस्त्री करूं नये, ब्लीच वापरूं नये. सपाट पसरून सावलींत वाळूं द्यावा. डबी पट्ट्यालाच लावून ठेवण्याची संवय विशेष वाईट. पट्टा ओला असेपर्यंत डबीला वाटतें, कीं तो अजून अंगावरच आहे. ती जागी राहते, आणि बॅटरी फुकट जाते.

पांचवा दोष बॅटरीचा. आंकडा मधूनच तुटणें, मोबाइल थोडा दूर नेतांच संबंध सुटणें, हीं बॅटरी संपत आल्याचीं लक्षणें होत. बहुधा सी. आर. २०२५ किंवा सी. आर. २०३२ जातीची बटणासारखी बॅटरी लागते. हे आंकडे गूढ नाहींत : पहिले दोन म्हणजे व्यास २० मिलिमीटर, पुढचे दोन म्हणजे जाडी, २.५ किंवा ३.२ मिलिमीटर. म्हणून एकीच्या जागीं दुसरी कोंबूं नये. झांकणांतील रबराचें कडें जागच्या जागीं बसवावें, नाहींतर घाम आंत शिरतो.

सहावा दोष एकत्र कुटुंबांत विशेष आढळतो. पट्टा नीट आहे, बॅटरी नवी आहे, तरी आजोबांच्या मोबाइलवर कांहींच दिसत नाहीं. पुष्कळ पट्टे ब्लूटूथनें एका वेळीं एकाच उपकरणाशीं बोलतात, कांहीं थोडे दोहोंशीं. काल संध्याकाळीं नातवानें तोच पट्टा बांधला असेल, तर शेजारच्या खोलींतील त्याच्या मोबाइलनें पट्टा आधींच आपल्याशीं जोडून घेतलेला असतो! त्या मोबाइलचें ब्लूटूथ बंद केलें, कीं काम भागतें. शिवाय या लहरी पाण्यांत शोषल्या जातात, आणि आपलें शरीर बव्हंशीं पाणीच आहे. म्हणून मोबाइल मागच्या खिशांत असेल तर तो पुढें घ्यावा.

शोध कोणत्या क्रमानें करावा?

येथें आपल्या शास्त्रकारांची अन्वय-व्यतिरेकाची रीत फार उपयोगी पडते. कारण असतां कार्य दिसतें का, आणि कारण काढून घेतां कार्य नाहींसें होतें का, हें दोन्ही पाहावयाचें. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पट्टा भिजविला, घट्ट केला, शर्ट बदलला आणि बॅटरीही नवी घातली, असें चारही एकदम केलें तर दोष जाईल. पण तो कशानें गेला हें कळणार नाहीं, आणि महिन्यानें परत आला कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ! प्रथम पाणी, मग ताण व जागा, मग कपडा, मग धुणें, मग बॅटरी, आणि शेवटीं नवा पट्टा, असा स्वस्तापासून महागाकडे जाणारा क्रम ठेवावा. पुष्कळ वेळां डबी चांगली असते. फक्त पट्टा झिजलेला असतो, आणि तो वेगळा विकत मिळतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील प्रकार याचें चांगलें उदाहरण आहे. घरांतील वडील गृहस्थ ६८ वर्षांचे. डॉक्टरांनीं त्यांस रोज अर्धा तास चालावयास सांगितलें होतें. जानेवारींतील एका सकाळीं कोपऱ्यापर्यंत जातात न जातात तोंच पट्ट्यानें १८८ दाखविले. प्रकृतींत कांहींच फरक नव्हता, तरी सूनबाई धास्तावून म्हणाल्या, "मामंजी, उद्यांपासून फिरणें बंद. आतां उंबरठा ओलांडायचा नाहीं!" तीन आठवडे ते घरांतच बसले. शेवटीं नातवाच्या मनांत आलें, आणि त्यानें तोच पट्टा कोरडाच बांधून, तशाच नायलॉनच्या शर्टानें गच्चीवर फेऱ्या मारल्या. त्या विशींतल्या मुलालाही आंकडा १७० च्या वर गेला. मग फक्त पट्टा भिजविला. आंकडा ९० च्या आसपास येऊन स्थिर राहिला. माणूस बदलला तरी दोष राहिला, आणि पाणी मिळतांच दोष गेला. यावरून दोष कोणाचा हें ठरलें. डॉक्टरांसही दाखविलें, त्यांनीं ई. सी. जी. काढून फिरण्यास पुन्हां अनुज्ञा दिली. तीन आठवड्यांचें चालणें बुडालें तें मात्र बुडालेंच.

बोटांची साक्ष

त्या तीन आठवड्यांपैकीं पहिल्याच सकाळीं एक मिनिट नाडी धरून पाहिली असती, तर एवढा खटाटोप पडताच ना. शार्ङ्गधरसंहितेंत आंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या नाडीची परीक्षा सांगितली आहे. वातपित्तकफांचा निर्णय वैद्यांनीं करावा. आपल्याला केवळ गति आणि नियमितपणा एवढेंच पाहावयाचें आहे. इंग्लंडांत सर जॉन फ्लॉयर यांनीं १७०७ सालीं नाडी घड्याळावर मोजण्याचा पुरस्कार केला, तेव्हांपासून तीच रीत चालत आली आहे.

मनगटावर, आंगठ्याच्या बाजूस, पहिलीं दोन किंवा तीन बोटें हलकीं ठेवावीं. आंगठ्यानें मोजूं नये. त्याची स्वतःची नाडी घोटाळा करते. बसलें असतां ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. नाडी अनियमित वाटली तर पूर्ण मिनिट मोजावें. चालतांना पाहावयाचें असेल तर थांबून लगेच १५ सेकंद मोजावें व चौपट करावी, कारण थांबतांच गति उतरूं लागते. मनगटावरील घड्याळाला मात्र या तंट्यांत पंच नेमूं नये. तें हिरव्या प्रकाशानें त्वचेखालील रक्ताचें कमीजास्त होणें पाहतें, आणि चालतांना कित्येकदां पावलांनाच ठोके समजतें.

नाडी नियमित व शांत आहे, माणसास कांहीं त्रास नाहीं, आणि पट्ट्याचा आंकडा मात्र भलताच आहे, तर बहुधा पट्टा चुकतो आहे. वर सांगितलेला क्रम तेथें लावावा.

पट्टा खरा असतो तेव्हां

आतां दुसरी बाजू. बोटांखालीं नाडी कधीं भरभर, कधीं थांबून, कसलाच ताल न धरतां लागत असेल, तर पट्ट्यास दोष देऊं नये. एट्रियल फिब्रिलेशन नांवाच्या विकारांत असें होतें, आणि तो उतारवयांत पुष्कळ आढळतो. त्यांत हृदयांत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा व पक्षाघाताचा धोका असतो. वेळीं कळल्यास औषधानें हा धोका बराच कमी करतां येतो. या विकारांत कांहीं ठोके इतके दुबळे पडतात कीं, त्यांची लाट मनगटापर्यंत पोंचतच नाहीं. मग पट्टा ११० दाखवितो आणि बोटांस ८५ च लागतात. आणि येथें पट्टाच खरा असतो! तसेंच पट्ट्याचा आंकडा नाडीच्या बरोबर दुप्पट येत असेल आणि सर्व उपाय करूनही तसाच राहत असेल, तर यंत्र एका ठोक्याच्या दोन लाटा मोजत असेल, किंवा एकाआड एक ठोका खरोखरच दुबळा असेल. याचा निर्णय घरीं होत नाहीं, डॉक्टरांकडे ई. सी. जी. काढून होतो.

कित्येकदां आंकडा खरा असतो, पण आपण त्याचा अर्थ चुकीचा लावतो. २२० मधून वय वजा करावें, म्हणजे हृदयाची कमाल गति मिळते, हा १९७१ पासून रूढ झालेला ठोकताळा आहे. ६५ वर्षांच्या माणसास तो १५५ देतो. २००१ सालीं तानाका व त्यांचे सहकारी यांनीं सुचविलेलें सूत्र सुमारें १६२ देतें. आणि प्रत्यक्ष माणूस दोहोंपासून दहा-बारा ठोक्यांनीं सहज इकडे-तिकडे असतो. बीटा-ब्लॉकर जातीचीं औषधें घेणाऱ्यांची गति औषधानेंच खालीं ठेवलेली असते. त्यांस हीं सूत्रें लागूच नाहींत. ज्यांस पेसमेकर बसविला आहे त्यांनीं पट्टा बांधण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारावें.

आणि छातींत दुखणें अगर दडपण, धाप, घेरी, दरदरून सुटलेला थंड घाम, यांपैकीं कांहीं होत असेल तर पट्टा तपासण्यांत एक क्षणही घालवूं नये. मग आंकडा ७२ असला तरी! १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पट्टा हृदयाची गति सांगतो. हृदयास रक्त पोंचतें कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं.

लहान मुलांच्या घरीं आणखी एक खबरदारी हवी. पट्ट्याची बटण-बॅटरी मुलानें गिळली आणि ती अन्ननलिकेंत अडकली, तर दोन तासांच्या आंत तेथें भाजल्यासारखी गंभीर इजा होऊं शकते. नुसता संशय आला तरी ओकारी काढविण्याच्या नादीं न लागतां मुलास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें. जुनी बॅटरीही तितकीच धोक्याची असते. ती चिकटपट्टींत गुंडाळून मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी.

पाढे आणि स्तोत्रें आपण मुलांस लहानपणींच शिकवितों. त्यांच्या जोडीला दहा वर्षांवरील प्रत्येक मुलास नाडी धरून मोजावयास शिकवावें, असें आम्हांस वाटतें. त्याला एक घड्याळ आणि दोन बोटें पुरतात. पाऊण तासांत विद्या हातीं येते. पुढें आजीच्या किंवा आजोबांच्या पट्ट्यावर भयंकर आंकडा उमटला, कीं घरांतील कोणी तरी धांवपळ न करतां शेजारीं बसेल, मनगट हातांत घेईल आणि पूर्ण एक मिनिट मोजील. पट्टा भिजवावयाचा कीं डॉक्टरांस बोलवावयाचें, हें त्या एका मिनिटांत बहुधा ठरतें.